पिशवी निघाल्यावर

शिवगंगानं तोंड भिंतीकडे केलं, पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि म्हणाली, "उरका लवकर."

दर चौथ्या दिवशी दुपारी रामलिंग नायगावच्या बसस्टँडसमोरचं शिलाईचं दुकान तासभर बंद ठेवून घरी यायचा आणि बायकोच्या पोटावरची पिशवी बदलायचा. आधी हात धुवायचे. एका हातानं कातडी दाबत पिशवीची जुनी, कातडीला चिकटलेली चकती वरून खाली सावकाश सोडवायची. साबण लावायचा नाही, कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडानं नुसतं टिपायचं. गाठीच्या ऑपरेशनात पोटाच्या डाव्या बाजूला आतड्याचं तोंड बाहेर काढलेलं होतं, लाल आणि ओलसर. त्याचं माप घ्यायचं आणि त्या मापाचं भोक नव्या चकतीत कापायचं. दोराभर जास्त कापलं तर मळ लागून कातडी सोलवटते, कमी कापलं तर आतडं काचतं. तीस वर्षं लोकांच्या गळ्यांची आणि मनगटांची मापं घेतलेल्या माणसाला हे अवघड नव्हतं. अवघड होतं ते तिचं भिंतीकडे वळलेलं तोंड.

हे सगळं तो मोबाइलवर शिकला होता. नांदेडच्या दवाखान्यातून सुट्टी होताना सिस्टरनं एकदाच, घाईघाईत करून दाखवलं. तेव्हा शिवगंगा रडत होती आणि रामलिंगचं सगळं लक्ष तिच्याकडे होतं. घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी पिशवी गळली. लुगडं, चादर, गादी, सगळं भरलं. दोघांनी एकमेकांकडे न बघता ते आवरलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून रामलिंगनं मोबाइल तोंडाजवळ धरला आणि हळू आवाजात विचारलं, पोटावरची पिशवी कशी बदलायची.

एक नर्स हिंदीत समजावून सांगत होती. तिच्यापुढे रबराचं पोट होतं. त्या पोटाला ना टाके होते ना लाज. तरी रामलिंगनं तो व्हिडिओ आठ-दहा वेळा पाहिला. मग दुसरे पाहिले. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, हे त्याला कळलं. आतड्याच्या त्या तोंडाला हात लावला तर दुखत नाही, हेही कळलं. ते त्यानं शिवगंगाला सांगितलं.

"कुणी सांगितलं तुमाला?"

"मोबाइलात दाखवून राहिले."

"मोबाइलाला पोट हाय का?" ती म्हणाली. पण त्या दिवसापासून पुसताना ती अंग आक्रसेनाशी झाली.

पूर्वी त्याच्या मोबाइलवर कीर्तनं यायची, शर्टाच्या कॉलरचे नवे नमुने यायचे. आता मोबाइल उघडला की आतडी, गाठी, टाके. कुणी पपईच्या पानांचा काढा सांगायचं, कुणी गोमूत्र. एकदा त्यानं तो काढा आठवडाभर तिला पाजलाही. तिला उलट्या झाल्या, तेव्हा त्यानं ती पानं उकिरड्यावर टाकली आणि तसले व्हिडिओ बघणं सोडलं. पिशव्यांचे मात्र बघत राहिला. काजं करता करता मान आणि डोळे इतके शिणायचे की कधीकधी मशीनवर डोकं टेकून तो दहा मिनिटं तसाच पडून राही.

शिवगंगाचं सगळं आयुष्य तेव्हा दोन शब्दांवर थांबलं होतं. पिशवी निघाल्यावर. दवाखान्याची धावपळ रामलिंगचा भाचा मारोती यानं केली होती आणि शुद्धीवर आल्यावर ती फारच घाबरली म्हणून त्यानं सांगून टाकलं होतं, की मामी, सहा महिन्यांनी पिशवी काढतात, मग पहिल्यासारखं. तेवढं तिनं घट्ट धरलं. गळ्यातलं लिंग तिनं उतरवलं नव्हतं, पण न्हाऊन ते तळहातावर घेऊन पूजा करणं बंद केलं होतं. आपल्यात सूतक पाळत नाहीत, असं रामलिंगनं एकदा म्हणून पाहिलं. "ते बसवण्णाला चालंल, मला न्हाई चालत," ती म्हणाली. "पिशवी निघाल्यावर करीन." हिमायतनगरला तिच्या भावाच्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न वैशाखात होतं. तोवर सहा महिने होत होते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोज एक तारीख खोडायची आणि रामलिंगला विचारायची, किती राहिले. तो मोजून सांगायचा.

दवाखान्याचं कार्ड इंग्रजीत होतं. नववी शिकलेल्या रामलिंगला ते वाचता येत नव्हतं, अक्षरं तेवढी ओळखता येत होती. माघात एका दुपारी, सहज म्हणून, ऑपरेशनचं नाव त्यानं एकेक अक्षर बघत मोबाइलमध्ये उतरवलं. एक डॉक्टर पांढऱ्या फळ्यावर आतड्याचं चित्र काढून सांगत होता. गाठ अगदी खालच्या टोकाला असली तर शेवटचा भाग पुरा काढावा लागतो. खालचा रस्ता शिवून टाकतात. डॉक्टरनं तिथं लाल पेननं फुली मारली आणि सांगितलं, की या पेशंटची पिशवी कायमची.

रामलिंगनं तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मोबाइलवर खोटंही सांगतात, काढ्याचं सांगितलंच होतं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. पुढच्या खेपेला सलाइनमधून औषध द्यायला नांदेडला नेलं, तेव्हा तिला बाहेर बाकावर बसवून तो एकटाच डॉक्टरांकडे गेला. पिशवी कधी निघणार, असं विचारलं. डॉक्टरांनी कागद चाळले. "निघणार नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का?" मग त्यांनी विचारलं, "मी सांगू त्यांना?"

"न्हाई साहेब. मी सांगतो."

तो बाहेर आला तेव्हा शिवगंगा शेजारच्या बाईला भाचीच्या लग्नाचं सांगत होती. तिचा चेहरा उजळला होता. बसमध्ये सांगू, असं त्यानं ठरवलं. बसमध्ये ती झोपली. मग घरी सांगू, उद्या सांगू, असं करता करता महिना गेला. ती रोज तारीख खोडत होती, विचारत होती, आणि तो मोजून सांगत होता.

चैत्रात एका दुपारी पिशवी बदलून झाल्यावर तिनं ट्रंक उघडली आणि दोन साड्या काढून त्याच्यापुढे ठेवल्या. लग्नात कोणती नेसू, असं तिनं विचारलं. पिशवी निघालेली असंल, काठाची नेसते, असंही म्हणाली. रामलिंगनं साडीला हात लावला. त्यानं मोबाइल काढला, फळ्यावरचा तो डॉक्टर शोधला आणि मोबाइल तिच्यापुढे धरला.

तिनं मोबाइलकडे पाहिलं नाही. त्याच्याकडे पाहिलं.

"तुमच्या तोंडानं सांगा."

"शिवगंगा, पिशवी निघणार न्हाई. खालची वाट शिवून टाकली. आता जन्मभर हीच."

ती बराच वेळ साडीची घडी हातानं सारखी करत राहिली.

"कधीपसून ठाऊक हाय तुमाला?"

"महिना झाला."

"महिनाभर मला दिवस मोजून दाखविले तुम्ही," ती म्हणाली.

तो खाली मान घालून बसला, मग उठून दुकानाला गेला.

पुढचे तीन दिवस ती कामापुरतंही बोलली नाही. चौथ्या दिवशी दुपारी तो घरी आला तर मोरीचं दार आतून लावलेलं होतं. पिशवी, कापड, कात्री, सगळं आत नेलं होतं. तो उंबऱ्यावर बसून राहिला. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. घामानं निथळत होती. संध्याकाळपर्यंत पिशवी गळली. ती निमूट पुन्हा आत गेली. भोक मोठं कापलं होतं, कातडी लाल झाली. त्याला दिसत होतं, सांगताही आलं असतं, पण तिनं विचारलं नाही आणि आपण होऊन सांगायची त्याची छाती झाली नाही.

दोन दिवसांनी तिनंच मोबाइल मागितला. "त्या नर्सचा नगं. कुण्या बाईचा असला तर लावून द्या. जिला हे हाय अशा."

रामलिंगनं तसा एक पाहून ठेवला होता. पन्नाशीची एक बाई, साधी साडी, मागे स्वयंपाकघरातली मांडणी. स्वतःच्या पोटावरची पिशवी ती स्वतः बदलत होती आणि मधूनच हसत होती. त्यानं तो लावून दिला. शिवगंगा मोबाइल घेऊन आत गेली, दार लोटलं. त्या बाईचा आवाज बाहेर येत होता. थांबायचा, पुन्हा मागून सुरू व्हायचा. एकदा शिवगंगाचाही आवाज आला. ती त्या बाईशी काहीतरी बोलत होती.

वैशाख लागेतो ती तरबेज झाली. रामलिंगनं दुपारी दुकान बंद करायचं कारण उरलं नाही, तरी चौथ्या दिवशी त्याचा हात आपोआप कुलपाकडे जाई. पूजेचं तिनं काही काढलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. कॅलेंडर मात्र तिनं उतरवून ठेवलं.

लग्नाला जायचं तिनंच ठरवलं. हिमायतनगरला भावाच्या घरी पोचल्या पोचल्या तिनं भावजयीला बाजूला घेतलं आणि आतून कडी लागणारी मोरी कोणती, ते विचारून घेतलं. अक्षता पडल्या. जेवणाच्या पंगती बसायच्या वेळी ती सामानाची कापडी पिशवी काखोटीला मारून घरात गेली.

रामलिंग मांडवात उभा राहिला. तिथून मोरीचं दार दिसत होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हातात कात्री नव्हती, कापड नव्हतं, काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. मेहुण्यानं येऊन विचारलं, अक्का कुठं हाय, पंगत खोळंबली.

"येती," रामलिंग म्हणाला. "बसवा तुम्ही पंगत."

वीस मिनिटांनी कडी वाजली. काठाची साडी नीट करत शिवगंगा दारात आली आणि तिनं मांडवाकडे पाहिलं. तोवर रामलिंगनं पाठ वळवली होती. हात मागे बांधून, तो मांडवाच्या कनातीची शिवण निरखत उभा होता.