मागच्या दारावरची पन्हाळ

मी एक पन्हाळ आहे, मित्रांनो, आणि तीही नवीच. आपली कहाणी सांगायला बसणारे बहुतेक जण जुने असतात. जुनी छत्री, जुनी सायकल, जुना कंदील. त्यांचं सगळं भोगून झालेलं असतं, म्हणून त्यांना सांगायला सवड असते. माझ्यावर तर अजून गंजाचा ठिपका नाही, रंगही धड उडालेला नाही. तरी सांगते, कारण माझ्याखाली जे घडलं ते मला पोटात ठेववत नाही.

पन्हाळीचं काम ते काय! छपरावरून येणारं पाणी झेलायचं आणि नीट एका बाजूला नेऊन सोडायचं. त्यात ना शहाणपण लागतं ना ताकद. फक्त उतार सरळ हवा. तेवढा एक उतार सरळ असता, तर आज मला तोंड उघडावं लागलं नसतं.

माझा जन्म मोताळ्याच्या बाहेर, मलकापूर रस्त्यावरच्या दीपकच्या शेडमध्ये झाला. दीपक पत्र्याच्या कामांचा ठेका घेतो. मी आधी नुसता सपाट पत्रा होते. त्यानं मला वाकवण्याच्या यंत्रात घातलं, दोन्ही कडा वर उचलल्या आणि माझे दोन लांब तुकडे केले. त्याचा हात चांगला आहे, उगाच खोटं कशाला बोलू? माझी कड त्यानं बोट फिरवून पाहिली. कुठं खरखर लागली तिथं कानस मारली. लहान पोराची नखं काढावीत इतक्या जपून मारली. मला वाटलं, असल्या माणसाच्या हातून घडले, आता माझं भलंच होणार.

मला नेलं नारायणरावांच्या घरी. गावाच्या कडेला त्यांचं घर, मागं मळा, कपाशी-सोयाबीनचं शेत जरा लांब. मळ्यातली वांगी-मेथी आठवडी बाजारात जाते. घराच्या मागच्या अंगाला त्यांनी नवे पत्रे टाकून पडवी काढली होती. तिथंच स्वयंपाकघराचं दार आणि दाराबाहेर शहाबादी फरशीची एकच पायरी. ती पायरी उतरली की तुळस, मोरी, वालाचा मांडव आणि गाय. नारायणरावांच्या पत्नी सत्यभामाबाई यांचं सारं जग त्या पायरीच्या खाली होतं. दिवसभर त्यांची ये-जा तिथूनच चालायची. गायीशी बोलत, वेलाला दटावत, कधी उगाचच हसत. पुढच्या खोलीत टीव्ही होता, पण त्या तिकडे फारशा फिरकत नसत.

मला बसवायचं त्यांनीच काढलं होतं. दीपक आला तेव्हा पदर खोचून समोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बापू, मले बाकी काई नको. ह्या पायरीवर पानी नाई पडलं पायजे. फरशी लय गुळगुळीत हाय, पाय सरकते."

"नाई पडत काकी. एक थेंब पडला तं माह्यं नाव बदलजा."

मित्रांनो, माझ्या जन्माचं कारण एवढंच होतं. एक पायरी कोरडी ठेवायची.

दीपकनं नळीत पाणी भरून पातळी पाहिली, दोरी ताणली, खडूनं खुणा केल्या. छपराचा आडवा लोखंडी पाइप घराशेजारच्या गल्लीच्या बाजूला थोडा कललेला होता, म्हणून त्यानं माझाही उतार गल्लीकडे धरला. बरोबर धरला. पण नेमके त्याच दिवशी मेहकरहून भगवानराव आले. भगवानराव म्हणजे नारायणरावांचे व्याही. नारायणरावांची एकुलती एक मुलगी योगिनी त्यांच्या घरी दिलेली. भगवानरावांनी नुकतंच नवं घर बांधलं होतं आणि त्या नादात थोडंफार वास्तुशास्त्र कानावर पडलं होतं. माणूस वाईट नाही हो. पण कानावर पडलेलं त्यांच्या तोंडातून लगेच बाहेर येतं. अंगणात खुर्ची टाकून चहा पिता पिता त्यांनी वर पाहिलं.

"पानी गल्लीकडे सोडून राह्यले काय? ते तं नैर्ऋत्य झालं. घरचं पानी ईशान्येले काढा ना राजेहो!"

झालं. आमच्याकडे व्याह्यानं अंगणात बसून काही सुचवलं, तर मुलीचा बाप त्याला नाही म्हणत नाही. नारायणराव तर फारच सांभाळून वागणारे. ते दीपकला म्हणाले, "पाहुणे म्हनतात तसं कर."

दीपकनं पाइपकडे पाहिलं, मग दोरीकडे पाहिलं. पाइप कललेला उलट्या बाजूला. ईशान्येला उतार द्यायचा तर मला त्या टोकाला पाइपच्या बरंच खाली ओढायला हवं होतं, आणि तिथं तेवढी जागाच नव्हती. हे त्याला कळलं होतं, मी त्याच्या हातात होते, मला त्याचा हात थबकलेला जाणवला. तोंडातून फक्त निघायचं होतं, काका, असं नाही होणार. पण पाहुण्यांसमोर घरमालकाला नाही कसं म्हणायचं? आमच्याकडच्या कारागिरांना ते कधी जमलंच नाही.

"होते ना काका," तो म्हणाला. "काऊन नाई होत? तुमी टेन्शन नोका घेऊ."

त्या वाक्याचा मला अजून राग येतो.

मला बसवलं. नारळ फुटला. भगवानराव म्हणाले, "आता पाहा घराले कशी बरकत येते ते." नारायणराव येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवत राहिले. काय माझी ऐट होती तेव्हा! ऊन पडलं की मी चमकायचे आणि खाली सत्यभामाबाई डोळ्यांवर हात धरून कौतुकानं वर पाहायच्या.

पावसाळा लागला आणि माझं पितळ उघडं पडलं. पाणी ईशान्येलाही जाईना आणि गल्लीकडेही जाईना. माझ्या मधोमध थांबून राहायला लागलं. मध्यावर माझे दोन तुकडे जोडलेले. साचलेल्या पाण्याच्या भारानं तो जोड सुटला. आणि तो जोड कुठं होता माहीत आहे? बरोबर मागच्या दारावर. ठिप ठिप ठिप, थेट पायरीवर. आधी पत्र्यावरून पाणी सगळीकडे सारखं पडायचं आणि पाऊस थांबला की तेही थांबायचं. आता पाऊस थांबला तरी मी गळतच राहायचे. लाज वाटायची हो मला. पण पन्हाळीला स्वतःचा उतार बदलता येत नाही.

दीपकला बोलावणं गेलं. त्यानं येऊन जोडावर सिलिकॉन भरलं. पुढच्या सरीला पुन्हा गळायला लागलं. पुन्हा आला, पुन्हा भरलं. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा तो आलाच नाही. मग आठवडी बाजारात नारायणरावांनी त्याला गाठलं आणि चारचौघांत त्याच्या कामाचे वाभाडे काढले. ते मी पाहिलं नाही, पण घरी आल्यावर ते सत्यभामाबाईंना मोठ्या फुशारकीनं सांगत होते, ते मी वरून ऐकलं.

"काऊन बोल्ले त्याले लोकायसमोर?" सत्यभामाबाई कळवळून म्हणाल्या. "पोटावर मारल्यावानी झालं ते. अन् चूक त्याची एकट्याची हाय काय? पानी गल्लीकडे काढून टाका ना. कोन पाहाले येते?"

"इवाई आले अन् पाह्यलं तं? म्हनतीन आपल्या शब्दाले काई किंमत नाई. पोरगी त्याइच्या घरी नांदते, समजलं काय?"

पोरगी म्हटल्यावर सत्यभामाबाई मोरीकडे वळल्या. त्या दिवसापासून त्यांनी तो विषय काढला नाही. रोज सकाळी उकिडव्या बसून विटकरीच्या तुकड्यानं आणि राखेनं पायरी घासायच्या. दुसऱ्या दिवशी हिरवं बुळबुळीत शेवाळ पुन्हा हजर. शेवटी त्यांनी पायरीवर एक रिकामं पोतं अंथरलं. पोत्यावर पाय टाकून जपून उतरायच्या, एक हात चौकटीला धरून. मी वरून बघायचे आणि माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

दोन्ही पुरुष मात्र आपापल्या जागी घट्ट उभे. पैसे केव्हाच देऊन झाले होते, तेव्हा भांडण पैशाचं नव्हतंच. बाजारातल्या त्या तमाशानंतर दीपकची एक-दोन कामं हातची गेली. आता उतार बदलला तर आपलं काम कच्चं होतं असं सगळे धरून चालतील, असं त्याच्या मनानं घेतलं. नारायणरावांना व्याह्याचा शब्द मोडायचा नव्हता. उतार बदलायला हवा हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

पोळा जवळ आला होता. त्या दिवशी सकाळपासून झड लागली होती आणि नुकतीच थांबली होती. दीपक आपणहून आला, तावातावानंच आला. एकदाचं काय ते बोलून मोकळं व्हायचं, असा त्याचा चेहरा होता. नारायणराव अंगणात आले आणि दोघांची जुंपली.

"काय बे, कोनत्या तोंडानं आला? हे पाह्य, वर पाह्य! धार लागली धार!"

"तं उतार कोनं फिरवला काका? म्या का तुमच्या इवायानं?"

"तू होते म्हनला का नाई? तवा तुही जीभ कुठं गेली व्हती?"

"पाहुन्यायसमोर काय सांगू तुमाले? तुमाले नाई दिसत होतं काय?"

दोघांची बोटं माझ्याकडे, दोघांच्या माना वर. आत सत्यभामाबाईंनी आवाज ऐकला आणि चहा ठेवला. भांडायला आला तरी माणूस आपल्या दारात आला आहे, त्याला चहा नको? थाळीत कप ठेवून त्या दारात आल्या. दोन्ही हात थाळीला, म्हणून चौकट धरता आली नाही.

"आता पुरे करा हो," त्या म्हणाल्या. "चहा घ्या आंधी. दीपक, ये बापू..."

त्यांनी पोत्यावर पाय ठेवला. पोतं ओलं, त्याच्याखाली शेवाळ. पोतं पायासकट सरकलं. कप फुटल्याचा आवाज झाला आणि त्याच्या मागोमाग एक दुसरा आवाज झाला, तो मला सांगवत नाही. ते दोघे वरच बघत होते, मित्रांनो. माझ्याकडे. पडताना त्यांना कोणीच पाहिलं नाही, एकटी मी सोडून. आणि मी काय केलं? गळत राहिले, त्यांच्या लुगड्यावर.

दीपकनंच त्यांना उचलून आपल्या छोट्या हत्तीत, म्हणजे माल वाहायच्या गाडीत, गादी टाकून बुलढाण्याला नेलं. मागं नारायणराव त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारायणराव गायीची धार काढायला आणि कपडे न्यायला घरी आले. पाहतात तो अंगणात दीपक शिडी घेऊन उभा. दीपक वर चढला, नारायणरावांनी खालून शिडी धरली. माझे आकडे सुटले, दोरी पुन्हा ताणली गेली, पहिल्या खडूच्या खुणा अजून पुसट दिसत होत्या. सुटलेला जोड आवळून त्याच खुणांवर त्यानं मला बसवलं. नारायणरावांनी दिलेली पाण्याची कळशी त्यानं माझ्यात ओतली आणि पाणी सरळ धावत गल्लीकडे गेलं. जोडातून एक थेंब पडला नाही. गायीची वैरण संपायच्या आत सगळं आटोपलं होतं. एवढंसं काम होतं ते! दीपक खाली उतरला, पायरीवरचं पोतं उचललं, बाहेर नेऊन टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून रडला. नारायणराव त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, पण हात मधेच राहिला.

काही दिवसांनी सत्यभामाबाईंना घरी आणलं. भगवानराव योगिनीला घेऊन भेटायला आले. त्याच खुर्चीवर, त्याच जागी बसले. नेमकी सर आली आणि माझ्यातून पाणी गल्लीच्या बाजूला धो धो पडायला लागलं. नारायणरावांचा जीव टांगणीला. चहा झाला, डॉक्टरांचं बोलणं झालं, पिकाचं झालं. भगवानरावांनी वर पाहिलंच नाही. शेवटी नारायणरावांनाच राहवलं नाही.

"ते पानी... आमी गल्लीकून काढलं आता," ते चाचरत म्हणाले. "राग नोका मानू."

भगवानरावांनी कप खाली ठेवला. "कोनतं पानी?"

नारायणराव त्यांच्याकडे बघतच राहिले. भगवानरावांना काही आठवत नव्हतं. आपण कधी काय सुचवलं होतं, ते मेहकरला पोचायच्या आतच विसरून गेले असतील. खिडकीच्या आत योगिनी आईचे पाय दाबत होती. तिनं ते ऐकलं आणि रडू लपवायला पदर तोंडावर घेतला.

आता सत्यभामाबाईंची खाट मागच्या खिडकीपाशी आहे. वॉकर धरून त्या दारापर्यंत येतात. पायरी उतरता येत नाही. गाय तिकडून हंबरते, या इकडून तिला काहीबाही सांगतात. वालाचा वेल वाळून गेला. परवा पाऊस झाला तेव्हा त्यांनी आतून हाक मारली.

"अहो, पायरी कोरडी हाय काय?"

नारायणराव बाहेर आले. खाली वाकून त्यांनी सगळ्या फरशीवरून तळहात फिरवला, कोपऱ्यांतूनसुद्धा.

"कोरडी ठक हाय," ते म्हणाले.

सत्यभामाबाई वॉकर धरून दारापर्यंत आल्या. मग हळूच म्हणाल्या, "मंग आंधी काऊन नाई केलं हो?"

नारायणराव तिथंच पायरीवर बसले.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. माझ्यात पालापाचोळा अडकला तर काढा, नाही काढला तरी मी रागावणार नाही. पण तुमच्या घरात कधी काही गळायला लागलं आणि मोठी माणसं वर बोटं दाखवून भांडायला लागली, तर तुम्ही खाली बघा. खाली कोणीतरी चहा घेऊन येत असेल. आधी त्याचा हात धरा.