ग्रिलला काहीही बांधू नये

रंगकामाचे ठेके मी बावीस वर्षं घेतोय आणि या बावीस वर्षांत माझी परांची एकदाही पडली नव्हती. त्यात माझी हुशारी काही नाही. परांची बांधायचा तो कचरू. मुळशीकडचा, साठीला टेकलेला, बोलायला कंजूष. बांबू काय, सगळेच बांधतात. कचरू काथ्याचा दोर आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालतो आणि ओलाच बांधतो. वाळताना तो असा आवळतो की बांबू कुरकुरतो. आता सगळीकडे लोखंडी पाइप आलेत, पण दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या बोळात अजून बांबूच लागतो. माझे रंगारी चढायच्या आधी एकच विचारतात, बांधलंय कुणी? कचरूनं, म्हटलं की मुकाट्यानं चढतात.

तोच कचरू मंगळवारी सव्वाचारला वारज्यातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरून खाली आला. परांचीचा एक कोपरा भिंतीपासून सुटून बाहेर झुकला आणि हा बांबूसकट गेला. खुबा मोडला, डावं मनगट मोडलं, जीव तेवढा वाचला. अँब्युलन्समध्ये मी त्याच्यावर काय काय ओरडलो ते सांगायची लाज वाटते. म्हातारा झालास, नजर गेली, गाठ मारताना लक्ष कुठं होतं, असलं बरंच. तो छताकडे बघत एवढंच म्हणाला, "सुटली आसंल माजीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दिगंबर आगाशे कागद तयार ठेवूनच बसले होते. सुवाच्य अक्षर, समास सोडलेला. कामगाराने गाठ नीट न मारल्यामुळे अपघात झाला, त्याच्याशी सोसायटीचा काही संबंध नाही, आणि खाली माझ्या सहीसाठी जागा. कचरू कसा आहे हे त्यांनी विचारलं नाही. पेन मात्र टोपण काढून पुढे केलं. माझी सही झाली असती, खोटं कशाला बोलू? मलाही तसंच वाटत होतं. पण सही करायची तर एकदा परांची बघून घेतो म्हणालो. ते म्हणाले, बघा की, बघायला मनाई नाही.

दर मजल्यावर परांची इमारतीला बांधून घ्यावी लागते, नाहीतर ती उभीच राहत नाही. तशी ती प्रत्येक गॅलरीच्या ग्रिलला बांधली होती. मी जिना चढत तिसऱ्या मजल्यावर गेलो. तीनशे दोनच्या दाराच्या कडीला एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली होती. आत आमचा काथ्याचा दोर, छान गुंडाळी करून ठेवलेला. त्यावर चिठ्ठी: 'दोर आपला आहे, न्यावा. ग्रिलला नुकताच रंग दिला असल्याने तिला काहीही बांधू नये.'

मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. बेल दाबली ती सोडलीच नाही.

दार श्यामलाबाईंनी उघडलं. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात, आगाशे त्यांना फार मान देतात. बेल एकदा वाजवली तरी ऐकू येते, म्हणाल्या. दोर कधी सोडला, मी विचारलं. काल दुपारी, त्या म्हणाल्या. सेक्रेटरींना दोनदा लेखी कळवलं होतं, उत्तर नाही म्हटल्यावर स्वतःच सोडला. कापला नाही, दुसऱ्याची वस्तू आहे. एवढा मोठा सांगाडा, त्यातला एक दोर, एवढंच त्यांच्या डोक्यात. माणूस पडला हे त्यांना ठाऊक होतं. का पडला, ते मी सांगितलं. अगदी हळू सांगितलं, कारण आवाज चढवला असता तर मी काय केलं असतं देव जाणे.

तेवढ्यात आगाशे धापा टाकत वर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं, बाईंचं वय बघा. म्हणजे यांच्याकडे दोन अर्ज पडले होते, यांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी तो कागद! चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि दोरी ओढायला मी. मी त्यांच्यासमोर कागद फाडला. बाईंना म्हणालो, "तो माणूस समजतोय की त्याची गाठ सुटली. तो उद्या बरा झाला तरी पुन्हा दोर हातात धरणार नाही. तुम्हीच या आणि सांगा त्याला."

त्यांनी दार लावलं. मी जिन्यातच त्यांना जे बोललो ते सगळ्या इमारतीनं ऐकलं असेल. ऐकू दे.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला मी कचरूजवळ बसलो होतो. उजव्या हाताची बोटं पांघरुणाच्या कडेवर सारखी चालत होती. तीच गाठ, पुन्हा पुन्हा. कुठं चुकली ते शोधत होता. बोटं धरून ठेवावीशी वाटली, पण माझी हिंमत होईना.

श्यामलाबाई आल्या. एकट्याच, घामाघूम. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"तुमची गाठ सुटली नाही," त्या म्हणाल्या. "मी सोडली. सुटतच नव्हती. सांडशी घेतली, स्क्रू-ड्रायव्हर घेतला, अर्धा तास लागला."

कचरूची बोटं थांबली. त्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता हा सुटल्यासारखा रडेल, हात जोडेल, जाऊ द्या म्हणेल. गरीब माणसानं तसंच करायचं असतं ना. पण त्याची मान ताठ झाली. इतक्या वर्षांत मी त्याला असा बघितला नव्हता.

"अर्धा तास," तो म्हणाला. "तुमच्याच नियमानं काम बंद व्हतं, एक ते चार. मी खाली पार्किंगात भाकरी खात व्हतो, बाई. अर्ध्या तासात येक हाक मारायची व्हती."