दादू भोईर यांची कमेंट

अंकिता जानेवारीत ‘उखळी मसाले’ या कंपनीत लागली तेव्हा तिला वाटलं होतं, काम सोपं आहे. नवीन पनवेलमध्ये एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. कंपनीच्या फेसबुक पानावर रोज एक व्हिडिओ टाकायचा, त्याखाली लोकांना काहीतरी विचारायचं आणि जो कोणी लिहील त्याला तासाभराच्या आत गोड उत्तर द्यायचं. “तुमच्याकडे वाटणात सुकं खोबरं की ओलं? कमेंटमध्ये सांगा!” असलं.

लोक सांगत नव्हते. मालक हितेशभाई रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि विचारायचे, “किती आले?”

“अकरा.”

“त्यातले आपल्या स्टाफचे किती?”

“नऊ.”

मग एक दिवस बोंबील फ्रायच्या व्हिडिओखाली दादू भोईर नावाच्या माणसाने लिहिलं. फोटोच्या जागी एक पांढरा बैल होता.

‘बोंबलातलं पानी दाबून काडलं नाय. असा बोंबील तेल पिनार. पीठ बी कमी.’

आणि त्याखाली, एक ओळ सोडून: ‘आमच्या घरात बोंबलानं कधी तेल पिलं नाय. चाळीस वरसं झाली.’

हितेशभाईंनी चष्मा वर केला. “डिलीट कर. आपल्याच पानावर आपली इज्जत काढतोय.”

अंकिताने हो म्हटलं. पण डिलीट करायच्या आधी तिने तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. बोंबील खरंच तेलात मऊ पडून तुटला होता. कॅमेरावाल्या दीपेशने तो तुकडा शिताफीने कोथिंबिरीखाली लपवला होता. तिने कमेंट तशीच ठेवली आणि खाली लिहिलं, ‘काका, मग पाणी कसं काढायचं?’

वीस मिनिटांनी उत्तर आलं. साफ करून उभा चिरायचा, दोन फळ्यांच्या मधी ठेवायचा, वर पाट्याचा दगड. तासभर तिकडं बघायचं नाय.

संध्याकाळपर्यंत बदलापूरची एक बाई विचारत होती की पाटा नसेल तर काय. दादू भोईरांनी लिहिलं, पाण्यानं भरलेला कुकर ठेवा. कोणीतरी हसण्याची चित्रं टाकली, कोणीतरी कुकरखालच्या बोंबलांचा फोटो टाकला. दुसऱ्या दिवशी हितेशभाईंनी विचारलं तेव्हा आकडा एकशे चाळीस होता. त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “राहू दे त्यांना.”

मार्च उलटेपर्यंत लोक व्हिडिओ बघायला कमी आणि दादूकाका काय म्हणतात ते वाचायला जास्त यायला लागले. खोबरं काळं केलंत. कोळंबीला एवढा वेळ शिजवून रबर केलंत. चिंच आधी नाय, मागून. आणि प्रत्येक वेळी एक ओळ सोडून खाली काहीतरी दुसरं असायचं, घरातलं. अंकिता सकाळी आल्याआल्या आधी तेच उघडायची.

“या माणसाला कॅमेऱ्यासमोर आण,” हितेशभाई म्हणाले. “दादूकाकांचं किचन. दर आठवड्याला.” त्यांनी एक वाक्यही लिहून दिलं, जे काकांनी शेवटी पाकीट हातात धरून म्हणायचं होतं: ‘उखळी मसाला, अगदी आमच्या हातच्यासारखा!’

अंकिताने मेसेज केला. उत्तर आलं, ‘बायकोला इचारून सांगतो.’ तीन दिवसांनी पत्ता आला. नेरे, शाळेच्या मागे, निळं गेट.

एप्रिलातल्या एका सकाळी ती आणि दीपेश रिक्षाने नेऱ्याला पोचले. अंगणभर साड्या अंथरून मिरच्या वाळत घातलेल्या होत्या. त्यांच्या मधोमध एक ठेंगणी, सडपातळ बाई वाकून मिरच्या उलटत होती. ओट्यावर दादू भोईर उभे होते. उरणकडच्या बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेले, भरदार मिशांचे. शर्टाला कडक इस्त्री होती आणि केस त्याच सकाळी काळे केलेले, कारण कानामागे रंग लागला होता.

“या या. ही रंभा, आमची मंडळी.”

रंभाकाकींनी मान हलवली आणि मिरच्या उलटत राहिल्या.

दीपेशने घरातल्या चुलीजवळ कॅमेरा लावला. काकांना पाटावर बसवलं, पुढे टोप, मसाल्याचं पाकीट.

“काका, आता सांगा. कालवणाला सुरुवात कशी करायची?”

दादूकाका कॅमेऱ्याकडे बघत राहिले. मग टोपाकडे. मग घसा खाकरला.

“कालवन,” ते म्हणाले, “कालवन चांगलं व्हाला पायजे.”

“हो. पण आधी काय घालायचं?”

“आधी... मासली.”

अंगणाच्या बाजूने जोरात हसू आलं. रंभाकाकी पदर तोंडाला लावून दारात उभ्या होत्या. “अगो बाय, या मानसानं आजपरत चहा बी केला नाय. याला काय इचारतेस?”

दीपेशने कॅमेरा बंद केला. अंकिताने काकांकडे वळून विचारलं, “पण मग ते सगळं कोण लिहितं?”

“लिवतो मीच,” काका खाली मान घालून म्हणाले. “दुपारच्याला मी फोन बघत बसतो. ही बाजूला तांदूळ निवडते, नायतर अशीच बसते. तुमचा इडिओ लागला की ही बोलाला लागते. मी तसंच्या तसं लिवतो. तिला लिवता-वाचता येत नाय ना.”

“याला मीच बोलली, लिव,” रंभाकाकी म्हणाल्या. “एवढी मोठी कंपनी, आनि बोंबील तेलात पोहतोय. सांगाला नको?”

अंकिताला हसू फुटलं. ती उंबऱ्यावरच बसली, फोन काढला. “म्हणजे काकी, लोक तुमच्याच मागे लागलेत. थांबा, वाचून दाखवते.” आणि तिने पहिली कमेंट वाचली. बोंबील, पाणी, पीठ. रंभाकाकी मान डोलावत होत्या. “आमच्या घरात बोंबलानं कधी तेल पिलं नाय. चाळीस वरसं झाली.”

मान थांबली. “हे शेवटलं मी नाय बोलली.”

दादूकाका उठले. “पोरांना पानी आनतो,” म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले.

काका गेले तिकडे अंकिताने पाहिलं, मग फोनकडे. वाचावं की नाही, तिला कळेना. पण रंभाकाकी तिच्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. “अजून हाय का तसं? वाच.”

तिने खोबऱ्याची कमेंट काढली. घाई केली, काळं केलं, कडू होणार. आणि खाली: “ती खोबरं भाजते तवा मी ओट्यावर असतो. वासावरून मला कळतं, आता उतरवनार. ती उतरवते बी तवाच.”

कोळंबीची. “बंदरात डबा उघडला की चार जन बाजूला येऊन बसायचे. मी तिला कधी सांगितलं नाय, नायतर चौघांचा डबा करून दिला असता.”

मग मार्चमधली, महिला दिनाची. त्या दिवशी अंकितानेच पानावर विचारलं होतं, ‘तुमच्या मते जगातली बेस्ट कुक कोण? तिला टॅग करा आणि गिफ्ट हॅम्पर जिंका!’ सहाशे लोकांनी नावं जोडली होती. दादू भोईरांनी लिहिलं होतं, “टॅग करता येत नाय. तिच्याकडं फोन नाय. इथंच मागं बसली हाय, चुलीजवळ.”

रंभाकाकी शेजारच्या साडीवरची एक मिरची उचलून तिचा देठ मोडत राहिल्या. दीपेश उगाच स्टँडचा स्क्रू घट्ट करत होता.

काका पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले तेव्हा त्या म्हणाल्या, “लोकांना सांगतंव. मना नाय?”

काकांनी तांब्या खाली ठेवला. “तू समोर असतेस,” ते म्हणाले. “समोर असलीस की मना बोलाला जमत नाय.”

“चाळीस वरसात एकदा बी नाय?”

“लिवाला जमतं.”

“मना वाचाला येत नाय!”

“म्हनून तर जमलं,” दादूकाका म्हणाले, आणि अंकिताला वाटलं की आता हा माणूस लाजून अंगणाबाहेर निघून जाईल. पण रंभाकाकी हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी मिरचीचा हात डोळ्याला लावला, मग डोळा चुरचुरला म्हणून ओरडल्या, आणि काका तांब्या घेऊन धावले. डोळा धुऊन होईपर्यंत काकांनी त्यांचं डोकं धरून ठेवलं होतं.

मग रंभाकाकीच पाटावर बसल्या. कॅमेऱ्याची त्यांना अजिबात भीती नव्हती. त्या दीपेशलाच रागावून सांगत होत्या की लसूण ठेचायचा, कापायचा नाही. अर्ध्या तासात कालवण उकळलं. शेवटी अंकिताने ते वाक्य समजावून सांगितलं. काकींनी पाकीट फोडलं, चिमूटभर मसाला तळहातावर घेऊन जिभेला लावला.

“हा माज्या हातचा नाय,” त्या म्हणाल्या.

“काकी, फक्त बोलायचं आहे.”

“नाय गो. गावातल्या बायका बघनार. त्यांना माजा मसाला ठाऊक हाय.” त्या थोडा विचार करून कॅमेऱ्याकडे वळल्या. “हा मसाला घरच्यासारखा नाय. पन ज्या पोरी सकाळच्या कामाला जातात, त्यांनी मिरच्या कधी वाळवायच्या आनि कधी कुटायच्या? त्यांना हा बरा हाय. वाईट नाय. फक्त चार पाकल्या लसून ठेचून टाका. मग कोनाला कलनार नाय.”

दुसऱ्या दिवशी अंकिताने तो व्हिडिओ हितेशभाईंपुढे ठेवला आणि मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवायला घेतला. त्यांनी तो एकदा पाहिला. पुन्हा पाहिला. ‘घरच्यासारखा नाय’पाशी थांबवून त्यांनी कपाळ चोळलं.

“माझी आईपण आपला मसाला वापरताना लसूण ठेचून टाकते,” ते शेवटी म्हणाले. “मला सांगते, वासाला घातलाय.” आणि मग, “टाक. काही कापू नकोस.”

तो व्हिडिओ त्यांच्या आधीच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त पाहिला गेला. खाली लिहिणाऱ्यांत बहुतेक मुली होत्या: नोकरीवाल्या, हॉस्टेलवर राहणाऱ्या, नवीन लग्न झालेल्या.  सगळ्या रंभाकाकींना नुसतं ‘काकी’ म्हणत होत्या. पावसाळ्याच्या आधी पाकिटामागे एक नवीन ओळ छापून आली: ‘लसूण ठेचून घातल्यास उत्तम.’ हितेशभाईंनी ती स्वतः प्रेसला फोन करून घालायला लावली.

रंभाकाकी महिन्याला एक व्हिडिओ करायला तयार झाल्या. उत्तरं द्यायचं काम दादूकाकांकडेच राहिलं.

जुलैत अंकिता तिसऱ्या व्हिडिओसाठी गेली तेव्हा दोघं ओट्यावर बसले होते. काका चष्मा लावून मोठ्याने वाचत होते. पुण्याच्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘काकी, आज पहिल्यांदा मला कालवण जमलं. रूममेटने दोनदा भात घेतला.’

“नाव काय पोरीचं?” रंभाकाकींनी विचारलं.

“मनस्वी.”

“तिला इचार, मीठ किती टाकलंस.”

काकांनी एका बोटाने लिहिलं. तिघंही फोनकडे बघत थांबली. उत्तर आलं: दोन चमचे.

“जास्त झालं,” रंभाकाकी म्हणाल्या. “पन तिला ते नको सांगूस. जेवल्या ना दोघी, बस झालं.”