मंगळवारी काय सांगायचं

चिक्कीची पिशवी आमूनं घेतली आणि उघडूनही न बघता अधीक्षक मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"अगो, तुझ्यासाठी आणलीय," सुहास म्हणाला.

"इथं सगळ्यांची होते." ती येऊन त्याच्यासमोर बाकड्यावर बसली. "मोठ्या मुली वाटतात. लबाड हायेत, स्वतःला मोठा तुकडा ठेवतात."

महाडच्या या बालगृहात तिला दोन महिने झाले होते. केस बारीक कापले होते, गाल मात्र भरले होते.

फाटकाबाहेर रिक्षात तिची आई, सुहासची ताई, बसली होती. आईसमोर पोरगी तोंड उघडत नाही म्हणून आज ताईनं भावाला पुढं घातलं होतं. नाते गावातून निघाल्यापासून एकच रट लावली होती: मंगळवारी बालकल्याण समितीची माणसं विचारतील, तेव्हा आमूनं म्हणायचं, बाबा मारत नव्हते, मी पायरीवरून पडले. मग पोरगी घरी.

"कुण्या मुडद्यानं फोन केला, त्याचं वाटोळं होईल बघ," असंही ती वाटेत दोनदा म्हणाली होती. सुहास रस्त्याकडं बघत राहिला होता.

फोन त्यानंच केला होता. कंपनीच्या सायकल स्टँडमागं उभं राहून, दहा अठ्ठ्याण्णववर, मुलांच्या मदतीच्या नंबरवर. त्याआधी आठ दिवस ताईनं विचारलं होतं, आमूला थोडे दिवस तुझ्याकडं ठेवतोस का. बिरवाडीची एक खोली, त्यात बायकोला सातवा महिना. आमूच्या पाठीवरचे वळ बघूनही तो 'बघतो' एवढंच म्हणाला होता. फोन ठेवला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि तेच आता त्याला खात होतं.

त्यानं आवाज खाली आणला.

"आमू, मंगळवारी ना..."

"आईनं पढवून पाठवलंय ना तुला?"

तो बाकड्याची ढलपी नखानं सोलत बसला.

"फोन तूच केलास."

"कोण म्हणालं?"

"कुणी नाय. त्या बाया आल्या त्या सरळ पाठ दाखव म्हणाल्या. पाठ मी तुलाच दाखवलेली."

सुहासला वर बघवेना. "तुला माझ्याकडंच न्यायला पायजे होतं गो. चुकलं माझं."

आमूनं मान वळवून फाटकाकडं बघितलं.

"मैतू आलीय का?"

मैतू म्हणजे तिची धाकटी बहीण, चार वर्षांची.

"हाय की. आईच्या मांडीवर झोपलीय."

"मी होते तवर बाबा तिला हात लावत नव्हता. मी मधी पडायची." ती पुढं वाकली. "मामा, आणखी एक फोन कर ना."

भेटीची वेळ संपली. मॅडमनी हाक मारली तशी ती उठली आणि मागं न बघता आत गेली.

सुहास बाहेर आला. ताई रिक्षातून अर्धी बाहेर झुकली.

"काय रे? म्हणाली का हो?"

"नाय. जे झालं तेच सांगणार ती." तो आत बसला. "आणि तेच सांगू दे, ताई."

आता ही आकांत मांडणार असं त्याला वाटलं. ती नुसती मैतूच्या फ्रॉकची चुणी नीट करत राहिली.

"रिक्षा बिरवाडीला घे," तो रिक्षावाल्याला म्हणाला. "मैतू राहील आमच्याकडं."

ताईनं त्याच्याकडं बघितलं. मग सीटमागं हात घालून एक कापडी पिशवी ओढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. आत मैतूचे चार फ्रॉक होते, एक स्वेटर आणि दात घासायचा छोटा ब्रश.

"मग बोलली का नाहीस सकाळपासून?"

"मागल्या खेपेला बोलले होते की," ताई म्हणाली.