तासाचा भाव

वाचक मला 'भागाकार' म्हणतात. व्हिडिओ गेमच्या कन्सोलवर उतरवून घ्यायचे खेळ खेळायचे, शेजारी घड्याळ लावून ठेवायचं आणि खेळ संपला की किमतीला तासांनी भागायचं, एवढंच माझं सदर. येईल तो आकडा तक्त्यात जातो. शेवटच्या रकान्यात दोनच शब्द चालतात, 'रास्त' किंवा 'महाग'. अकरा वर्षं हेच करतोय. लोक थेट तक्ता बघतात, वरचं लिखाण कोणी वाचत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

रविवारी सकाळी संपादकबाईंचा फोन आला.

"तो आजारी आईचा खेळ खेळलात का? वाचकांनी डोकं खाल्लंय माझं. चाळीस मिनिटांत संपतो आणि किंमत पाच तासांच्या खेळाएवढी. संध्याकाळपर्यंत तक्ता द्या."

"देतो," मी म्हणालो.

तो खेळ माझ्या धाकट्या भावानं केलाय, हे मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

धाकट्यानं नोकरी सोडून आठ महिने आईचं सगळं केलं. ती झोपली की तिच्या उशाशी बसून तो हा खेळ बनवायचा. ती गेल्यावर दीड वर्षानं पुरा केला. त्या आठ महिन्यांत मी दोनदा गेलो, आणि दोन्ही वेळा परतीचं तिकीट खिशात घालूनच गेलो. ती गेली तेव्हा मी कुठल्यातरी लांबलचक खेळाच्या सत्तराव्या तासात होतो. रडू आलं नाही. पुढेही आलं नाही. आत काहीतरी बधिर होऊन बसलंय, एवढंच सांगता येईल. धाकट्यानं मला एका शब्दानं टोकलं नाही, पण तेव्हापासून तो फारसं बोललाही नाही. साठवलेलं सगळं त्यानं या खेळात घातलं होतं. 'महाग' असं एकदा छापून आलं की असा खेळ आठवड्याभरात तळाला जातो. मला पक्कं माहीत आहे, कारण तो बहुतेक वेळा मीच धाडतो.

घड्याळ लावलं आणि सुरुवात केली. चहा करायचा, गोळ्या मोजून द्यायच्या, चादर बदलायची, खिडकी उघडायची. आईच्या खोलीतल्या भिंतीवरचा ओलीचा डागसुद्धा त्यानं जिथल्या तिथे रेखाटला होता. पस्तीस मिनिटांत कामं संपली. मग पलंगाशेजारच्या खुर्चीत बसायचं. उठायचं बटण दाबलं की आपण उठतो, आणि उठलं की पलंग रिकामा, खेळ खलास. लोक तिथे दोन-चार मिनिटं बसतात, काहीच घडत नाही म्हणून वैतागून उठतात, आणि दुकानाच्या पानावर पैसे बुडाले म्हणून बोंब मारतात.

मीही उठणारच होतो. त्याआधी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःसाठी चहा टाकला. कप घेऊन आलो तर पडद्यावर आईचे शब्द होते: 'पंखा कमी कर.' केला. वीस मिनिटांनी: 'बाहेर कोण आलंय?' मी 'कोणी नाही' निवडलं. आणखी थोड्या वेळानं तिनं विचारलं, 'थोरला येतोय ना?'

उत्तराला एकच पर्याय होता. 'येतोय.'

मी ते दाबलं. टक् असा बारीक आवाज झाला आणि आईनं डोळे मिटले. आता आपल्याला काहीतरी वाटायला हवं, हे कळत होतं. वाटत नव्हतं. अर्ध्या तासानं तोच प्रश्न, तेच एकुलतं एक उत्तर. पुन्हा अर्ध्या तासानं तेच. कधीतरी दुसरा पर्याय येईल, 'आला' असा, हे मनात धरून मी बसून राहिलो. कपातला चहा तसाच राहिला. दुपार टळली.

फोन वाजला. धाकटा होता.

"दादा, कामात आहेस?"

"आहे. बोल."

"काही नाही, सहज. खेळाचं काही धड नाही बघ, लोक पैसे परत मागतायत. पण आज एक गंमत झाली. कोण खुर्चीत किती वेळ बसलंय ते मला इथे दिसतं. नाव नाही, नुसता वेळ आणि दाबलेली उत्तरं. एक जण सकाळपासून बसलाय. साडेपाच तास. मला वाटलं चालू ठेवून झोपला असेल, पण पठ्ठ्या दर वेळी उत्तर देतोय."

तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला. माझा अंगठा सवयीनं गेला. टक्.

तो आवाज फोनमधून त्यालाही ऐकू गेला असणार, आणि त्याच क्षणी त्याच्यासमोर उत्तर उमटलं असणार.

"दादा, तूच आहेस का तो?"

"हो."

"पुढे काही नाहीये रे त्यात. दुसरं उत्तर लिहून बघितलं होतं मी. खोटं वाटलं, काढून टाकलं."

"मला उठवत नाहीये," मी म्हणालो. "उठलो की ती जाईल." हा आवाज माझाच होता, पण ओळखू येत नव्हता.

"मी गोळ्या आणायला उठलो होतो, दादा. दोन मिनिटं लागली असतील. परत आलो तर... ऊठ आता. सकाळपासून जेवलाही नसशील."

मी उठलो. पलंग रिकामा झाला. साडेपाच तासांनी भागलं असतं तर खेळ आरामात 'रास्त' ठरला असता. मी संपादकबाईंना कळवलं, खेळ माझ्या भावाचा आहे, भागाकार दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. मग तिकीट काढलं, फक्त जायचं.

दुसऱ्या दिवशी तक्ता छापून आला तेव्हा मी आईच्या खोलीत, त्याच खुर्चीत होतो. बेचाळीस मिनिटं, महाग. माझ्याऐवजी भागाकार करणाऱ्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. मी धाकट्याला वाचून दाखवलं. वाचता वाचता मला रडू फुटलं, अगदी लहान पोरासारखं, दोन वर्षांचं साठलेलं. तो माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"चहा टाकतो," जरा वेळानं तो म्हणाला.

"तू बस," मी म्हणालो. "मी उठतो."