चादरीची दोन टोकं

मी गच्चीवरची दोरी बोलतेय. खरं तर बोलायची सवय नाही मला. माझं काम ओझं पेलायचं आणि वाऱ्याशी जुळवून घ्यायचं. पण आता गप्प बसवत नाही.

या घरात दोन जावा. थोरली घरीच शिवणकाम करते, धाकटी दवाखान्यात नर्स आहे. दोघींचं धुणं एकत्र असायचं. चादर पिळायची तर दोघींनीच: एक टोक थोरलीच्या हातात, एक धाकटीच्या. पीळ देता देता पाणीही निघायचं आणि सासरच्या सगळ्यांची उणीदुणीही. मग चादर झटकून माझ्यावर टाकली की पुढचं काम ऊन-वारा फुकटात उरकायचे.

एकदा थोरलीच्या लाल परकराचा रंग धाकटीच्या पांढऱ्या गणवेशाला लागला.

"मुद्दाम केलंत तुम्ही!" धाकटी बोलून गेली.

"मुद्दाम? मी?" थोरलीने बादली आदळली. झालं, अबोला सुरू.

धाकटीने कपडे वाळवायचं मशीन आणलं. थोरलीही हट्टाने त्यातच कपडे टाकू लागली. पण चादरीचं दुसरं टोक धरणार कोण? चादरी निथळत्याच आत जायच्या. मशीन बिचारं दुपारभर घरघरायचं, दिवे मंद व्हायचे आणि गच्चीवर रखरखीत ऊन वाया जायचं. मनगटांचं निम्मं काम विजेच्या माथी मारलेलं! माझा जीव नुसता जळायचा.

पुढे धाकटीने वेगळी खोली बघितली. मला खांबांवरून सोडलं आणि आपल्या सामानाच्या खोक्यांभोवती करकचून आवळलं. ओल्या गोधड्या मी हसत पेलल्या होत्या, पण हे ओझं पेलवेना.

निघायच्या दिवशी मशीनमध्ये शेवटची चादर फिरत होती. अचानक फ्यूज उडाला. थोरलीचं शिलाई मशीनही थांबलं. धाकटीने गळती चादर बाहेर ओढली आणि एकटीच पिळायला लागली. चादर काही हातात मावेना, पाणी सगळं अंगावर.

थोरली दारात उभी होती. "एकटीने नाही व्हायचं ते."

धाकटीने खाली बघतच एक टोक पुढे केलं. "धरता का, ताई?"

दोघींनी पीळ दिला. बादली भरत आली.

"एवढं पाणी आपण त्या मशीनला पाजत होतो?"

"पाजत कसलं, बुडवत होतो त्याला!" थोरली हसली. मग हळूच म्हणाली, "परकराचा रंग जातो हे मला खरंच माहीत नव्हतं गं."

धाकटीचे डोळे भरून आले. पण चादर वाळत घालणार कशावर? दोघींची नजर खोक्यांकडे गेली. धाकटी जराशी थांबली आणि तिने माझी गाठ सोडली.

आता मी पुन्हा खांबांमध्ये आहे. खोक्यांतलं सामान कपाटात परतलंय. मशीन फक्त पावसाळी दिवसांत चालतं, तेही कपडे घट्ट पिळून. खोक्यांच्या कडांचे वळ अजून माझ्या अंगावर आहेत, ते राहू देत.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. ऊन असेल तेव्हा मला विसरू नका. आणि चादर पिळायची असेल तर कुणाला तरी हाक मारा.