दुपट्यांचं कापड

अपूर्वाच्या बाळंतपणासाठी नीलिमाताई पुण्याहून म्युनिकला आल्या, त्या बॅगभर जुन्या सुती साड्या घेऊनच. बाळाच्या दुपट्यांना धुऊन धुऊन मऊ झालेलं कापडच हवं. पण लेकीने "आई, हायजीन!" म्हणत सगळ्या साड्या कोपऱ्यावरच्या जुन्या कपड्यांच्या कंटेनरमध्ये टाकून दिल्या. तेव्हा नीलिमाताईंनी राग गिळला होता.

आज कपाटात त्यांना विटक्या, तपकिरी फुलांच्या कापडांची चळत सापडली. झालं, कात्री घेऊन त्यांनी झकास दुपटी बेतली आणि नातीला त्यात गुंडाळलं. तेवढ्यात अपूर्वा अंघोळ करून आली आणि किंचाळलीच.

"आई, काय केलंस हे! माझं क्विल्टचं कापड! दीडशे वर्षांपूर्वीच्या गोधडीवरून हुबेहूब छापलंय ते. किती शोधून मागवलं होतं!"

"छापलंय? म्हणजे कोरं आहे?"

"अगं, कोरंच! फक्त जुनं दिसतं."

नीलिमाताईंचं डोकंच फिरलं. खळसुद्धा न गेलेल्या कापडात त्यांनी एवढीशी पोर गुंडाळली होती! त्यांनी नातीच्या अंगावरचं दुपटं सोडवलं आणि लेकीकडे भिरकावलं.

"घाल तुझ्या शोकेसमध्ये! जुनं दिसणारं विकत आणतेस, आणि आईने जन्मभर अंगावर वागवलेलं डब्यात टाकतेस?"

कात्री समोरच पडली होती. त्यांनी नेसलेल्या साडीचा पदर कराकरा कापला आणि नातीला त्यात घेतलं.

"हाही टाकून ये," त्या म्हणाल्या, "हिंमत असेल तर."